पाळण्याची अपॉइंटमेंट

सहलीला निघण्याआधी माणसाने काय काय ठरवून ठेवावं, याला पूर्वी एक मर्यादा होती. गाडीची तिकिटं काढायची, उतरायची सोय बघायची, दूधवाल्याला नाही म्हणायचं, कुंड्यांना पाणी घालायचं काम शेजारच्या काकूंच्या गळ्यात घालायचं आणि निघायचं. बाकीचं तिथे गेल्यावर. आता येत्या मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी आपण किंचाळणार आहोत, हे आधीच्या मंगळवारी ठरवावं लागतं. अकरा पस्तीसला किंचाळून चालत नाही. आणि ऐन वेळी साडेबाराला किंचाळावंसं वाटलं, तर ती हौस ज्याने त्याने आपापल्या घरी जाऊन भागवावी.

थीम पार्कातल्या राइडची वेळ आधीच धरून ठेवायची ही रीत आमच्या घराण्यात साडूंनी आणली. साडू नाशिकच्या इंदिरानगरला राहतात. उभी नोकरी त्यांनी बँकेत काढली, त्यातही सुरुवातीची वर्षं पितळी टोकनांची. चेक घ्यायचा, टोकन द्यायचं आणि समोरच्या बाकाकडे बोट दाखवायचं. लोकांना बसवून ठेवण्याचा एवढा अनुभव गाठीशी असलेला माणूस निवृत्तीनंतर स्वस्थ कसा बसेल? ते नातेवाइकांच्या सहली आखू लागले. आखणी एक्सेलमध्ये असते. त्यात प्रत्येक नातेवाइकाला एकेक रंग दिलेला आहे. मी करडा आहे.

साडूंचं वेळा धरण्यातलं उच्च शिक्षण फ्लोरिडात झालं. त्यांची लेक न्यू जर्सीत असते. तिच्याकडे जायचं ठरलं, तिथून पुढे फ्लोरिडाला डिस्ने वर्ल्ड बघायचं ठरलं, तेव्हा लेकीने फोनवर सांगितलं, ‘‘बाबा, तिथे नुसतं जाऊन चालत नाही.’’ या एका वाक्याने साडूंच्या निवृत्तीला अर्थ आला. त्यांनी या विषयाचा अभ्यासच केला. तो अभ्यास ते प्रत्येक लग्नकार्यात पंगत बसेपर्यंत ऐकवतात, त्यामुळे मला तो आता पाठ आहे.

१९९९ साली डिस्नेने फास्टपास नावाची सोय काढली. राइडच्या दाराशी यंत्र असायचं. त्यात आपलं प्रवेशाचं तिकीट सारलं की चिठ्ठी बाहेर यायची: अमुक ते अमुक या वेळात या, वेगळ्या दाराने लवकर आत सोडू. तोवर हिंडा. पैसे शून्य. यात कंपनीचं नुकसान काय? रांगेत अडकलेला माणूस हवा खातो, मोकळा सोडलेला माणूस आइस्क्रीम खातो. पुढे २०१३-१४च्या सुमारास चिठ्ठी गेली, मनगटाला पट्टा आला, आणि डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना साठ दिवस आधीपासून राइडच्या वेळा धरता येऊ लागल्या. २०२०मध्ये कोरोनाने पार्कं बंद झाली. उघडली तेव्हा फुकटची सोय परत आली नाही; २०२१मध्ये तिच्या जागी विकतची आली. २०२४मध्ये तिचं नाव लाइटनिंग लेन मल्टी पास झालं आणि मुदत अशी ठरली, की डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांनी सात दिवस आधी वेळा धराव्यात, बाकीच्यांनी तीन दिवस आधी. त्याच वर्षी, ज्यांना वेळ धरण्याचाही कंटाळा आहे त्यांच्यासाठी प्रीमियर पास निघाला. कधीही या, प्रत्येक राइडला एकदा थेट आत जा. त्याचा तेव्हाचा चढा दर माणशी, दिवसाला ४४९ डॉलर. कर वेगळा. पार्कात पाऊल टाकायचं तिकीटही वेगळं. त्या वेळच्या भावाने हे सदतीस हजार रुपयांच्या वर गेलं. पंचवीस वर्षांत सोय हातातल्या चिठ्ठीवरून मनगटावर गेली आणि हात खिशात गेला.

ही सात दिवस आधीची खिडकी फ्लोरिडातल्या सकाळी सात वाजता उघडते. उन्हाळ्यात तेव्हा नाशिकला दुपारचे साडेचार वाजलेले असतात. साडू अजून इंदिरानगरलाच होते, विमान दोन दिवसांवर होतं. साडेचार म्हणजे चहा. त्या दिवशी त्या घरात चहा झाला नाही. अमेरिकन माणूस या खिडकीपुढे घाबरतो. तिकडे तिच्यावर पुस्तकं आहेत, पैसे घेणारे सल्लागार आहेत. पण ज्याने मे महिन्यात नाशिकरोडहून तत्काळचं तिकीट काढलंय त्याला डिस्ने काय घाबरवणार? वातानुकूलितला सकाळी दहा, स्लीपरला अकरा, आणि दहा वाजून दोन मिनिटांनी वेटिंग, या शाळेत आपण वाढलो. साडूंनी सव्वाचारला घरातले सगळे मोबाइल वायफायवरून उतरवले. एक सुरू ठेवला, तो मेव्हणीच्या हातात. स्वतः लॅपटॉपवर. खालच्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलाला राखीव खेळाडू म्हणून शेजारी बसवलं. चार एकतीसला पीटर पॅनची वेळ मिळाली. टाळ्या वाजल्या, त्या मुलाने साडूंना मिठी मारली आणि संध्याकाळी पेढे आले.

पीटर पॅन ही राइड तीन मिनिटांच्या आसपासची आहे. तिचे पेढे मात्र आम्ही आठवडाभर खात होतो. सहलीतला थरार कुठे राहायला गेलाय, याची मला तेव्हा पहिल्यांदा कल्पना आली. ती उडती जहाजं, ती परीकथा, हे सगळं आता उत्तरपूजा म्हणून उरलंय. मुख्य कार्य सात दिवस आधी, चहाच्या वेळी, बैठकीच्या खोलीत उरकतं.

मेव्हणीला त्या सहलीबद्दल विचारलं तर ती म्हणते, ‘‘चपला चांगल्या निघाल्या.’’ त्याचं असं झालं, की पीटर पॅन पार्काच्या एका टोकाला, त्याच्यानंतरची वेळ दुसऱ्या टोकाला, आणि मधली पंचेचाळीस मिनिटं चालण्यात. जिथे जायचं तिथे उभं राहावं लागलं नाही, हे खरं. पण दिवसभर कुठे ना कुठे पोचायचं होतं. ह्यूस्टनच्या विमानतळाची एक गोष्ट रांगांवर लिहिणारे लोक नेहमी सांगतात. सामानाच्या पट्ट्यापाशी फार ताटकळावं लागतं म्हणून प्रवासी तक्रारी करायचे. तेव्हा विमानं पट्ट्यापासून लांबच्या दारांना लावायला सुरुवात केली. प्रवासी पूर्वीच्या सहापट चालून पट्ट्याशी यायचे, तोवर सामान आलेलं असायचं. वेळ काही कमी झाला नाही, तक्रारी बंद झाल्या. मेव्हणीचीही तक्रार नाही. फक्त तिने परत आल्यावर पार्कातला किल्ला पहिल्यांदा नीट पाहिला तो साडूंच्या फोटोत.

आणि हिशेब तरी काय आहे? समजा, एखादी राइड तासाला हजार माणसं फिरवते. दारं दोन केली म्हणून ती अकराशे फिरवणार नाही. राखीव दाराने सातशे आत घेतले, तर साध्या रांगेला तीनशे जागा उरतात. म्हणजे रांग गेली नाही, तिची वाटणी झाली. काहींच्या रांगेला ‘नोटिफिकेशन’ म्हणतात, उरलेल्यांच्या रांगेला अजूनही रांगच म्हणतात आणि ती आता सावलीतून निघून उन्हात आली आहे. साडूंना हा हिशेब मी सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि म्हणाले, ‘‘म्हणूनच सातशेत राहायचं.’’ बँकवाल्यांशी वाद घालू नये.

पैसे मोजून पुढे जाणं नाशिककराला नवं नाही. त्र्यंबकेश्वरला २०० रुपयांचं देणगी दर्शन आहे. देवाच्या दारात पैशांची वेगळी रांग असावी का, यावर आमच्याकडे तावातावाने वाद होतो; तो साधारणपणे २०० रुपयांच्या रांगेत उभं राहून होतो. ज्यांना २०० रुपये जिवावर येतात त्यांच्यासाठी घरोघर दुसरी व्यवस्था आहे, ती म्हणजे आजी. पुष्कळ देवस्थानांत ज्येष्ठांना वेगळं सोडतात आणि सोबत एक माणूस चालतो. त्यामुळे आमच्या सासूबाईंना दर्शनाच्या हंगामात जावयांकडून मोठी मागणी असते. सासूबाई एक, जावई दोन. एकदा साडूंनी त्यांना तक्त्यात दोन फेऱ्यांत बसवलं: पहिल्या फेरीत हिरवा रंग, दुसऱ्या फेरीत करडा. सासूबाईंना एका सकाळी दोनदा दर्शन झालं आणि दुसऱ्या खेपेला त्यांनी देवाकडे दोन्ही जावयांसाठी सुबुद्धी मागितली.

तिकडेही हे चालतं. २०१३ साली न्यू यॉर्कच्या वर्तमानपत्रात बातमी आली होती, की डिस्नेतल्या रांगा टाळायला काही श्रीमंत कुटुंबं दिव्यांग व्यक्तींना तासाच्या बोलीवर वाटाडे म्हणून सोबत घेतात. त्याच वर्षी डिस्नेने दिव्यांगांसाठीच्या सोयीचे नियम बदलले. साडूंनी ही बातमी सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी तासाचा दर काय तेवढंच विचारलं.

खरं तर कोणी आधी आणि कोणी मागून, हा विषय गोदावरीकाठी फार जुना आहे. सिंहस्थात तेरा आखाडे येतात. तीन वैष्णव अनी आखाडे नाशिकला रामकुंडात स्नान करतात, बाकीचे दहा त्र्यंबकला कुशावर्तात. आधी स्नान कुणाचं यावरून पूर्वी अशी जुंपली, की पेशवाईत त्यांना दोन वेगळी ठिकाणं वाटून दिली, असं सांगतात. गर्दीची राइड एकच असेल तर दुसऱ्या गावात तिची शाखा काढावी, हे आम्हाला डिस्नेच्या कितीतरी आधी सुचलं होतं. आजही कुठल्या आखाड्याने कितव्या क्रमाने, किती वाजता यायचं आणि किती वेळात बाहेर पडायचं, हे आधी ठरलेलं असतं. फरक असा, की इथला क्रम विकत मिळत नाही. त्यासाठी साधू व्हावं लागतं, आणि ते काम सात दिवस आधी साडेचार वाजता होण्यातलं नाही.

पुढच्या सिंहस्थाचं पहिलं अमृत स्नान २ ऑगस्ट २०२७ला आहे. त्या दिवशी आपल्या घरी किती पाहुणे उतरणार, याची नाशिककराला धास्ती असते. साडूंना नाही. त्यांनी आमच्या दोन्ही घरांतल्या बाथरूमच्या वेळा आत्ताच रंगवून वाटल्यात. करड्याला पहाटे तीन पन्नास.

असे साडू गेल्या मे महिन्यात आम्हा सगळ्यांना घेऊन इमॅजिकाला निघाले. न्यू जर्सीचे दोन नातू सुट्टीला आले होते. त्यांना आपल्याकडेही पार्क आहे हे दाखवायचं होतं. खोपोलीजवळचं हे पार्क एप्रिल २०१३मध्ये सुरू झालं. २०२२पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे, शिर्डीचं वेट एन जॉय आणि साई तीर्थही त्यांचंच. संगमनेर म्हणजे पुण्याला जाताना चहाला थांबायचं गाव, त्यामुळे नाशिकचे लोक हल्ली खोपोलीत कोणीतरी ओळखीचं निघेल या आशेनेही जातात.

वाटेवरून भांडण झालं. एक पक्ष सिन्नर, संगमनेर, चाकण, लोणावळा असं म्हणत होता. दुसरा कसारा घाटाचा. साडू समृद्धी महामार्गाचे. इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला खुला झाल्यापासून ते त्याच्याविषयी स्वतः बोगदे खणल्यागत बोलतात. समृद्धीवरून गेलो. कसारा घाट टळला, गाडी सुसाट गेली, आणि जेवढा वेळ वाचला तेवढा सगळा भिवंडीच्या बाजूला उतरल्यावर आम्ही तिथे मुदतठेवीत ठेवला.

पार्काच्या दारात तिकिटांचे दोन प्रकार होते. साधं, आणि रांग चुकवणारं एक्स्प्रेस. साडूंनी त्यांच्या चौघांची एक्स्प्रेस आधीच काढली होती. मी आमच्यासाठी साधी काढली, तत्त्व म्हणून. तत्त्वाने माणशी किती वाचले हे बायकोने गाडीतच काढून ठेवलं होतं. सासूबाई आमच्या बाजूला आल्या. दहा वाजता एका गाडीतून उतरलेलं एक कुटुंब दहा वाजून पाच मिनिटांनी दोन वर्गांत वाटलं गेलं. दुपारी जेवायला भेटू, असं ठरवून आम्ही एकमेकांचा निरोप घेतला. नातवंडांना पणजी टाटा करत होती, त्यांचं विमान सुटायला अजून महिना होता.

साडूंच्या तक्त्याप्रमाणे दहा चाळीसला नायट्रो. ही पायाखाली जमीन नसलेली गाडी आहे, पाय लोंबकळत ठेवून माणसाला पाच वेळा उलटं करते. साडूंचं पथक आमच्या रांगेच्या कठड्याबाहेरून गेलं तेव्हा धाकट्या नातवाने आम्हाला हात केला. साडू सरळ पुढे बघत होते. बँकेत मॅनेजर झाल्यावर कॅशिअरच्या खिडकीसमोरून जाताना ते असेच बघायचे, असं मेव्हणी सांगते.

आम्ही रांगेत उभे राहिलो. सासूबाईही उभ्या राहिल्या. ‘‘आई, तुम्ही नायट्रोत बसणार?’’ मी हादरून विचारलं. ‘‘छे! राइडमध्ये कशाला बसू? मी रांगेत येते.’’ सावली होती, डोक्यावर पंखे होते, त्यांचं म्हणणं रास्त होतं.

थीम पार्काची रांग नागमोडी असते. सरळ असती तर माणसाला पुढच्याची पाठ तेवढी दिसली असती. नागमोडी रांगेत दर वळणाला तेच चेहरे समोरून येतात. पहिल्या वळणावर आपण एकमेकांकडे बघत नाही. दुसऱ्यावर पोरांच्या खोडीवरून हसतो. तिसऱ्यावर, ‘‘कुठले आपण?’’ ते ओझरचे निघाले. चौथ्यावर ओझरच्या आजींचं माहेर सिन्नर असल्याचा शोध लागला, आणि सासूबाईंचंही. पाचव्या वळणावर कठड्याखालून एक कॉलेजची टोळी घुसली, तेव्हा ओझर आणि नाशिक एक झालं. दोन्ही आजींनी मिळून त्या पोरांना असं काही झापलं, की ती राइडवर बसण्याआधीच पांढरी पडली. सहाव्या वळणापर्यंत द्राक्षाच्या छाटणीपासून ओझरच्या मुलाच्या नोकरीपर्यंत सगळं झालं होतं. बायकोने माझ्या कानात सांगितलं, ‘‘मुलगा बघून ठेवा, ताईच्या नणंदेच्या मुलीसाठी.’’ एवढं स्थळ एक्स्प्रेसच्या चार मिनिटांत कोण बघेल?

भीतीलाही रांग लागते. नायट्रो वरून घोंघावत जाते, माणसं ओरडतात, आणि आपण एकेक पाऊल पुढे सरकतो. या वेळात माणसाला अब्रू राखून मागे फिरायची सवड मिळते. कुणाला पाठीचं जुनं दुखणं आठवतं, कुणी मागे राहिलेल्या बॅगांकडे बघायला जातो. मला चष्म्याचा नंबर आठवला होता. साडूंना हे काहीच करता आलं नाही. आत शिरल्या शिरल्या त्यांच्या खांद्यांवर पट्टा आला. मेव्हणी म्हणाली, पहिल्याच उलट्या वळणावर त्यांनी बँकेतल्या कुठल्याशा जुन्या साहेबाचं नाव घेऊन माफी मागितली.

आठव्या वळणावर आमच्या मुलीने जाहीर केलं की तिला सायन्स सोडायचं आहे. ती अकरावी झाली आहे. हे तिने घरी का सांगितलं नाही ते मला लगेच कळलं. पुढे कठडा, मागे कठडा, दोन्हीकडे माणसं, समोर ओझरचं स्थळ. अशा जागी बापाला आवाज चढवता येत नाही आणि उठून दुसऱ्या खोलीतही जाता येत नाही. मी हळू आवाजात ‘‘का?’’ विचारलं, तिने हळू आवाजात सांगितलं, आणि नायट्रोच्या दारापर्यंत आम्ही घरात वर्षभर बोललो नव्हतो तेवढं बोललो. निकाल तिच्या बाजूने लागला. एक्स्प्रेसवाल्या घरांत असे विषय निघायला वेळच होत नसणार. त्यांची सगळी मुलं म्हणूनच इंजिनिअर होतात.

रांगेचे गोडवे गाणं सोपं असतं, विशेषतः ती संपल्यावर. मे महिन्याच्या उकाड्यात गुडघे दुखणाऱ्या माणसाला, कडेवर लेकरू घेतलेल्या बाईला कुणी आधीची वेळ दिली तर मी त्या सोयीला हात जोडीन, आणि अशांकडून तिचे पैसेही घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांचे गुडघे धडधाकट आहेत त्यांचं मला कळत नाही. दोन मिनिटांच्या राइडला तास उभं राहिलं की खाली उतरताना माणूस काहीतरी जिंकून येतो. चार मिनिटं उभं राहिलं की तो विचारतो, ‘‘संपलं एवढ्यात?’’

साडूंचं खरंच संपलं. दीड वाजता त्यांच्या तक्त्यातला शेवटचा चौकोन रंगून झाला. पार्क संध्याकाळपर्यंत उघडं, नातू दोन, आणि करायला काही नाही. त्यांनी सगळ्या राइड पुन्हा पहिल्यापासून घेतल्या. दुसऱ्या आवर्तनात मोठ्या नातवाने दुपारचं जेवण परत केलं. तीनच्या सुमाराला आम्ही राजासोरसच्या बोटीच्या रांगेत असताना चौघंही कठड्याबाहेर येऊन उभे राहिले.

‘‘काय चाललंय?’’ साडूंनी विचारलं.

‘‘गाण्याच्या भेंड्या,’’ सासूबाई म्हणाल्या. ओझरवाले इथेही आमच्या पुढेच होते. ‘‘ळ आलाय. तुम्ही जा आत, तुमचं दार तिकडे आहे.’’

साडू गेले नाहीत. कठड्याच्या त्या बाजूने आमच्याबरोबर एकेक पाऊल सरकत राहिले. धाकटा नातू कठड्याखालून आत आला. त्याला कोणी झापलं नाही.

नवरात्रात आम्ही सगळे कालिकेच्या यात्रेला गेलो. जुन्या आग्रा रोडला ते नऊ दिवस वाहनं जात नाहीत आणि माणसं पुढे सरकत नाहीत. देवीचं दर्शन झाल्यावर साडूंची पावलं आकाशपाळण्याकडे वळली. पाळणेवाल्याकडे ॲप नव्हतं, मनगटाचा पट्टा नव्हता, रांगसुद्धा म्हणावी तर होती. साडूंनी आडून विचारलं, ‘‘काय हो, थोडे जास्त दिले तर आधी बसवाल का?’’

पाळणेवाल्याने त्यांच्या हातातल्या नोटेकडे पाहिलं नाही. त्याने साडूंना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. पाळण्याचा तोल राहायला समोरासमोरच्या डब्यांत वजन सारखं लागतं. त्याच्या एका डब्यात तिघं धिप्पाड गडी बसले होते आणि समोरचा डबा रिकामा होता.

‘‘काका, तुम्ही या,’’ तो म्हणाला. ‘‘आणि त्या निळ्या साडीवाल्या मावशींना घ्या सोबत. पैसे तेवढेच.’’

निळी साडी मेव्हणीची होती. तिने साडूंकडे असं पाहिलं की मी मान फिरवली. पण साडू अख्खी रांग ओलांडून छाती पुढे काढून गेले. डब्यात बसले, दांडी लागली, डबा वर चढला, आणि अगदी माथ्यावर जाऊन थांबला. कारण खाली बाकीचे डबे भरायचे होते, तेही तोलाने, एक जाड एक बारीक असे निवडून निवडून. पाच मिनिटं गेली. दहा गेली. माझा फोन वाजला.

‘‘अहो, खाली विचारा ना, किती वेळ लागेल?’’

मी विचारलं. ‘‘अजून पाच डबे राहिलेत म्हणतो.’’

वरून थोडा वेळ फक्त वारा ऐकू आला. मग साडूंचा आवाज आला, काउंटरवरचा, जुना. ‘‘बरं, ऐका. मला इथून सगळी रांग दिसते. तुमच्यापुढे एकवीस जण आहेत. तो पिवळ्या शर्टवाला आत्ता मधेच घुसलाय, त्याला आधी मागे पाठवा.’’